आजन्म हमी

हाउकिलाम्पी तळ्याकाठी शिकारमंडळाची झोपडी.
बाहेर उणे एकतीस.
आत टेबलावर, तेलकट फडक्यावर
सात दुर्बिणी ओळीनं निजवलेल्या,
भोवती आठ माणसं आणि नऊ मतं.

आउलिस म्हणतो, महाग तीच टिकते.
पेंट्टी म्हणतो, महाग असली की विकणारा टिकतो.
त्याची स्वतःची ट्रॅक्टरवरून दोनदा पडलीय,
त्यात एकदा चाकाखाली,
तरी शंभर मीटरवर तीन गोळ्या
एका नाण्याखाली झाकते.
नाणं तेवढं दरवर्षी थोडं मोठं होतं.

आमची परीक्षा साधी:
रात्रभर दुर्बिणी बाहेर, सरपणाच्या ढिगावर.
सकाळी थेट सॉनात, सगळ्यात वरच्या फळीवर,
शेजारी आम्ही, उघडे, घामाघूम.
आतून वाफ धरली की बाद.
बाहेरून धरली तर पुसायची,
बाहेरून आपल्यालाही धरतेच.

दोन बाद झाल्या.
त्यातली एक माझी, नवी कोरी,
पावती अजून खिशात.

तेवढ्यात हिल्या आली, स्कीवरून,
पंचाहत्तरीची,
पाठीला बापाची रायफल,
जिच्यावर काच कधी चढलीच नाही.
पुढे लोखंडी माशी, मागे खाच. बस्स.
चाळीस हिवाळे ती आम्हाला हसत आली:
"माशीला वाफ धरत नाही, पोरांनो.
माशीला पावती लागत नाही."
आणि खरंच, त्या माशीनं आणलेले अठ्ठावीस एल्क
या झोपडीत सोलले गेले,
वाटे सगळ्यांनी नेले,
तेव्हा काचेबद्दल कुणी ब्र काढला नाही.

आज तिनं हातमोजे काढले,
टेबलापाशी उभी राहिली,
एक दुर्बीण उचलून डोळ्याला लावली,
उलट्या बाजूनं.
आउलिसनं ती हळूच फिरवून दिली.
कुणी हसलं नाही.

"यातली कुठली टिकेल?"

आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो:
नळीतला नायट्रोजन, काचेवरचा लेप,
गोळीचा धक्का, स्क्रू किती आवळायचे,
आणि ही, पेंट्टी म्हणाला, हिला आजन्म हमी.
"कुणाच्या जन्माची?"

मग कॉफी ढवळत तिनं सांगितलं,
शेजारच्या घरातलं सांगावं तसं:
ऑक्टोबरात मोठा नर आला,
साठ पावलांवर, आडवा, निवांत.
माशी दिसली, तर नर विरून गेला.
नर शोधला, तर माशी हरवली.
दोघांपैकी एकाला सोडायचं होतं.
नराला सोडलं.

"लोखंड आहे तसंच आहे," ती म्हणाली,
"डोळ्यांचा आता नेम नाही."

चूल तेवढी बोलत राहिली.
मग पेंट्टीनं स्वतःच्या रायफलीवरून
ती ट्रॅक्टरवाली सोडवली,
ओरखड्यांवरून अंगठा फिरवला
आणि तिच्यापुढे ठेवली.
किमतीचं कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

बापाच्या रायफलीला दुर्बीण बसायला जागाच नव्हती.
चार भोकं पाडावी लागणार होती.
ड्रिल माझ्या हातात, आणि हात थांबलेला.
"पाड," हिल्या म्हणाली, "तो काही ओरडायचा नाही."
बारीक लोखंडी भुसा फडक्यावर पडत गेला.
मी माशीकडे पाहिलं.
"तिला राहू दे. बसलीय तर बसू दे."

दुपारी तिनं बोल्ट काढून कोटाच्या खिशात टाकला,
दारात उभी राहून रायफल खांद्याला लावली,
गोठलेल्या तळ्यापलीकडे बराच वेळ पाहत राहिली.
आम्ही मागे, श्वास धरून,
जणू काच आमच्या श्वासानं धुरकटेल.

"आउलिस,
तुझ्या घराचं दार सताड उघडं आहे,
आणि कुत्रं टेबलावर चढलंय."

आउलिस टोपी न घालताच धावला.
पेंट्टी म्हणाला, बघा, झिरो अजून हललेला नाही.
हिल्यानं दार लावलं नाही,
ती अजून पाहत होती.